‘मा.’चा फुलफॉर्म

४ मार्च

चि. भाचेबुवांस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसता खिदळतोस, म्हणून लेखी तक्रार करते आहे. माझ्या कॉम्प्युटरवरच्या लिहायच्या एडिटरमध्ये तू हौसेने जी प्लगिन्स, म्हणजे ते जोड-प्रोग्रॅम, भरून गेलास, त्यांनी माझी पुरती शोभा केली. लघुरूप टाइप करून स्पेस दाबली की पूर्ण शब्द उमटतो, इथवर ठीक. काल मासिकाच्या नव्या संपादकांना प्रुफं पाठवताना सोबतच्या पत्रात ‘मा. संपादक’ लिहिलं. त्यांना पोचलं ते असं: ‘माझं चुकलं, दादा संपादक’. त्यांनी कळवलंय की प्रुफं उत्तम आहेत, चुकलं काहीच नाही, आणि ते माझ्याहून तीस वर्षांनी लहान आहेत.

चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढणारी मी, स्वतःचंच पत्र न वाचता धाडलं! लघुरूपांची यादी मी केलेली, ती तपासली. तीत ‘मा.’ म्हणजे ‘माननीय’च आहे. तेव्हा ही खोडी तुझी, नाहीतर तुझ्या बापाची. दोन वर्षं माझ्याशी अबोला धरून बसलाय; आता माझ्याच कीबोर्डवरून माफी वदवून घेतोय की काय? प्लगिन्सचं फोल्डर सोबत पाठवते. छडा लाव.

लोभ आहे, तो टिकवणं तुझ्या हातात.
आत्या

९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांवर आळ नको, त्यांना टीव्हीचा रिमोटही धड चालवता येत नाही. तुझं फोल्डर इथे लावलं, सगळी प्लगिन्स बंद केली आणि मग एकेक चालू केलं. पहिली दोन गुणी निघाली. तिसरं लावलं आणि ‘मा.’ने रंग दाखवला. हे प्लगिन आपणहून शिकतं. एखादं वाक्य वीसदा टाइप केलं की त्याच्या पहिल्या अक्षराचं लघुरूप बनवतं आणि तुझ्या यादीच्या डोक्यावर चढून बसतं. खोडलेलं वाक्यही ते मोजतं.

आता रागावू नकोस. ‘माझं चुकलं, दादा’ हे तू एकतीस वेळा टाइप केलंस आणि एकतीस वेळा खोडलंस. बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिसरं प्लगिन बंद कर, म्हणजे एडिटर सुधारेल. बाकीचं माझ्या हातात नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भाचा

१२ मार्च

चि. चोंबड्यास,
आशीर्वाद, पण निम्मे.

प्लगिन बंद केलं. ‘माननीय’ पुन्हा माणसांत आले. आकडा बत्तीस हवा. एकदा ‘माझं’वरचा अनुस्वार राहिला होता, तो तुझ्या यंत्राने धरलेला दिसत नाही. बापाजवळ बोललास तर याद राख.

आत्या

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हाताने लिहिते आहे, अक्षर लावून घे.

आई गेल्यावर तू तिच्यावर लेख लिहिलास आणि मला दिलास. मी त्यात लाल शाईने त्रेचाळीस चुका दाखवल्या आणि परत पाठवला. लेखाबद्दल चकार शब्द काढला नाही. चुका त्रेचाळीस होत्याच, ते काही मी मागे घेत नाही. पण तू लेख वाचायला दिला होतास, तपासायला नाही, हे मला फार उशिरा कळलं. माझं चुकलं, दादा.

पान नऊवर आई खोकत खोकत तुझ्या शर्टाचं बटण लावते, तिथे मला रडू फुटलं. पुढचं नीट दिसेना. त्या पानावरच्या दोन चुका माझ्याकडून सुटल्या आहेत.

रविवारी येते आहे. दार तूच उघड.

तुझी धाकटी