छत्तीसचं माप

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

या हातांनी केलेलं: सायकलच्या चाकापासून मोटर बांधायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं यंत्र. सागवानी दिवाण. लेकीचा, दीक्षाचा पाळणा. विहाराच्या फाटकाची जाळी – एकही वेल्डिंग बाहेरून करवलं नाही. स्वेटर अकरा. शिकवलं कोणी नाही. दीक्षाचा शाळेचा स्वेटर जुना झाला तेव्हा तो उसवत उसवत विणकाम शिकलो.

आज बारावा धरला, बायकोसाठी, मायासाठी. गळ्यापासून खाली, गोल, कुठंही शिवण नाही. पुढे पिळाच्या चार वेण्या, मागे चार. ऑक्टोबरच्या या उन्हात तिला थंडी वाजते म्हणे! माप घ्यायची गरज नाही, वहीत आहे – छाती ३६. दोन इंच सैल सोडून ३८. इंचाला पाच टाके म्हणजे १९०. वेण्या कापड आत ओढतात म्हणून सोळा जास्त – २०६. वेणीची सुई सायकलच्या तारेची, घरीच घासलेली. खुणेच्या कड्या तांब्याच्या.

बाजूचे दुकानवाले नत्थुजी मला दुकानात विणताना पाहून म्हणाले, "काय बे, मोटरी बांधता बांधता बायको बनला का?" म्हटलं, तुमच्या बायकोचं तुटलेलं मिक्सर तीन दिवसांपासून तुमच्याच हातात आहे, ते आधी बांधा.

१९ ऑक्टोबर

तिसऱ्या वेणीचा पीळ उजवीकडे हवा होता, डावीकडे गेला. आठ ओळी उसवल्या. माया म्हणे, "कोणाले दिसते ते?" मला दिसते!

२ नोव्हेंबर

बाह्यांचे टाके दोऱ्यावर काढून ठेवले आणि मायाच्या अंगाला घालून पाहिला. गळ्यापासून विणण्याचा हाच फायदा – अर्धा असतानाच घालून पाहता येतो.

ढिला. बराच ढिला. काखेत मूठ मावते.

टाके मोजले, २०६. पुन्हा मोजले, २०६. लोकर सैल पडली असेल. चूक माझीच कुठंतरी.

३ नोव्हेंबर

नमुन्याचा तुकडा धुऊन, वाळवून मोजला. सहा ठिकाणी. इंचाला पाच. सगळीकडे पाच.

मग टेप घेऊन मायाकडे गेलो. "आता कशाले?" उभी राहिली पण. तेहतीस.

वहीतलं छत्तीस पाहिलं. तारीख २०२१ ची. चार वर्षं मी त्या आकड्याकडे पाहत होतो, तिच्याकडे नाही.

४ नोव्हेंबर

आज तिच्या ताटावर लक्ष ठेवलं. अर्धी भाकर कुस्करली, गाईच्या भांड्यात टाकली. म्हणे, "जेवून राहिली ना मी! तुमची लोकरच ढिली हाये. लुधियानाची म्हणून कोणी ठगवलं तुमाले."

माझ्या कामाला नावं ठेवलेली आयुष्यात पहिल्यांदा बरी वाटली. देव मी मानत नाही. पण वाटत राहिलं – माझीच चूक निघो. एकदा तरी!

दवाखान्याचं काढलं तर विषय बदलला.

१६ नोव्हेंबर

बसला! पोटापर्यंत विणून झाला होता, घालून दाखव म्हटलं. आतल्या खोलीतून घालून आली. काखेत बरोबर, छातीवर बरोबर. "पाहा, म्या म्हटलं नव्हतं?" गोल फिरून दाखवलं. जाऊन पावभर जिलेबी आणली. नत्थुजींनाही दिली.

१७ नोव्हेंबर

दोरीवर पंचा वाळत होता. त्यात चार सेफ्टी पिना तशाच टोचलेल्या. दुहेरी घडी, छातीभर रुंद.

काल स्वेटरच्या आत हा गुंडाळला होता.

पंचा हातात घेऊन उभा राहिलो. तिनं पाहिलं. रागावलो नाही. ती म्हणे, "काहून असं पाहता? तुमी रोज फुटपट्टी घेऊन बसत होते. मले पाहवलं नाई." मग हळूच – "मले मायीत हाये जी. दिवाळीच्या आधीपासून गाठ लागते हाताले."

दिवाळीच्या आधीपासून! तेव्हा मी पीळ कुठल्या बाजूला गेला ते बघत होतो.

२० नोव्हेंबर

अकोला. मेहुणी सुंदराबाई तिथंच राहते, तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई. गाठीचा तुकडा तपासायला घेतला. मला विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

मोटरच्या एका गाळ्यात तारेचे किती वेढे, झोपेतून उठवलं तरी सांगेन. इथं मी मायाकडे पाहिलं.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत विणलं. वेण्या नेहमीसारख्याच सरळ आल्या. हातांचाच राग आला.

२३ नोव्हेंबर

रिपोर्ट नाही. दोन मोटरी उलट्या बांधल्या. पहिल्यांदाच.

२८ नोव्हेंबर

आला. तेच आहे. तो शब्द इथं लिहीत नाही.

पाच तारखेपासून दर तीन आठवड्यांनी औषध चढवायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ वेळेत सापडली म्हणता येत नाही, उशीर झाला असंही म्हणत नाही. मग काय म्हणता? तारखा वहीत उतरवून घेतल्या. माया परतताना बसस्टँडवर संत्री निवडत होती, भावावरून भांडत होती. मी पिशवी धरून.

२१ डिसेंबर

स्वेटर झाला. एकही चूक नाही. माझं आजवरचं सगळ्यात उत्तम काम. तिच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा दिसला. खालून वारा शिरतो, ती कुडकुडते. म्हटलं, लहान करून देतो. "हात नका लावू! भरीन ना मी पुन्हा." म्हणून राहू दिला. दोघंही छत्तीसवर अडून बसलोय.

१७ जानेवारी २०२६

आज खालच्या काठापासून उसवायला घेतला. आजचं माप टेपनं घेतलं, एकतीस; त्यावर पुन्हा विणणार. तिला थंडी आज वाजते.

काल अकोल्याला औषध चढत होतं. शेजारच्या पलंगाजवळ बसलेल्या, बँकेतल्या एक बाई स्वेटर हातात घेऊन पाहू लागल्या. मायानंच त्यांना घालायला लावला. चपखल बसला. भरल्या अंगावर तो कसा दिसतो, ते मी पाहिलं. बाई म्हणाल्या, आत्ता देते, चौदा हजार. माया म्हणे, "देऊन टाका जी."

नाही म्हणालो. चौदा हजारांना.