मुलांच्या सुट्टीपुरती पाळी बदलून मिळण्याबाबत

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक,
साबण कारखाना, मुख्य कचेरी

विषय : शाळेच्या उन्हाळी सुट्टीपुरती दुसरी पाळी बदलून पहिली मिळण्याबाबत.
संदर्भ : माझ्या आधीच्या अर्जावरील आपला शेरा, 'कारण पुरेसे नाही. सविस्तर लिहावे.'

महोदय,

सविस्तर लिहितो.

१. मी पॅकिंग विभागात दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर आहे. माझी पत्नी गेल्या हिवाळ्यात वारली. घरी मुलगी, तिच्यापेक्षा लहान मुलगा आणि आमचे पाहायला आलेली माझी थोरली बहीण आहे.

२. सुट्टीचे अर्थपूर्ण व संतुलित नियोजन करावे, असे शाळेने पालकांना कळवले होते. हे दरवर्षी पत्नी पाही. यंदा माझ्यावर आले. मला एकच नियोजन येते, ते मी केले. भिंतीवर पाळीपत्रक लावले. सकाळी पोहणे व वाचन. दुपारी चित्रकला, गणित, झाडांना पाणी. बदली माणूस आल्याखेरीज जागा सोडायची नाही, हा आपल्या विभागाचा नियमही घातला.

३. पहिल्याच दिवशी मुलगा गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होता. त्याची बदली म्हणजे माझी बहीण. तिचा बसल्या जागी डोळा लागला. मुलाने नियम मोडला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या गाद्या भिजल्या, तेव्हा कुठे त्यांनीच वर येऊन त्याला मोकळे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात गाठून त्यांनी मला जे ऐकवले, ते या अर्जात लिहिण्यासारखे नाही.

४. त्यानंतर मुलांनी काम बंद केले व दोघे जिन्यात जाऊन बसली. बहिणीला मध्यस्थीला पाठवले, तर ती त्यांच्याच शेजारी बसून भाजी निवडू लागली. मी गणित मागे घेतले, आठवड्याची सुट्टी देऊ केली. उपयोग झाला नाही. शेवटी विचारले, की आई दुपारी तुमच्याकडून काय करून घेत असे, ते तरी सांगा. मुलगी म्हणाली, "बाबा, दुपारी आई काहीच करून घ्यायची नाही. ती नुसती घरात असायची."

५. लग्नाआधीपासून माझी दुसरी पाळी. साप्ताहिक सुट्टीला मी घरी असे, पण झोपलेला. त्यामुळे मुलांच्या सुट्टीतली दुपार मी कधी पाहिलीच नाही. पाहिली नव्हती म्हणून ती मला रिकामी वाटली आणि मी ती भरून टाकली.

६. तरी मला पहिली पाळी द्यावी. त्या पाळीचे सुपरवायझर अदलाबदलीस तयार आहेत. त्यांच्याकडे सासरची मंडळी मुक्कामाला आहेत आणि दुपारी घराबाहेर राहता आले तर उपकार होतील, असे ते स्वतः म्हणाले.

दुपारी घरी राहून मी काय करणार, असे आपण विचाराल. काही करायचे नाही, हीच मुलांची अट आहे. मला नुसते बसता येत नाही, हे मी त्यांना सांगितले. मुलगी म्हणते, ती शिकवील.

आपल्या सहीची वाट पाहणारा,
(सही)
सुपरवायझर, दुसरी पाळी, पॅकिंग विभाग
दिनांक : सुट्टीतला पहिला सोमवार

सोबत : पहिल्या पाळीच्या सुपरवायझरांची लेखी संमती.