बेबीताईंचं कापलेलं बोलणं

मारेगाव,
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

प्रिय अमर,

प्रभूची शांती तुझ्या घरी असो. इथे सगळे बरे आहेत. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो.

आपला रेडिओ मागच्या महिन्यात बंद झाला. चर्चच्या बाजूच्या खोलीत तू न् मी एका माइकवर सुरू केला होता, आठवतं? मोबाइलवर ख्रिस्ती भजनं ऐकवणारे आपण दोघंच वेडे. पुढे झरीच्या जंगलातल्या गावांतूनही फरमाइशी येऊ लागल्या. सगळ्यात जास्त बेबीताईंच्या गाण्यांच्या.

त्या गेल्यावरही दर रविवारी त्यांचं शेवटचं रेकॉर्डिंग मीच लावायची. दोन गाण्यांच्या मधे मी थोडं कापलं होतं. तिथे आलं की कानात त्या बोलायच्या. हेडफोन काढला तरी बोलायच्या.

मशीन दुरुस्त करणारे जफरभाई जुन्या फाइली उतरवून घेत होते. त्यांना न कापलेलं रेकॉर्डिंग सापडलं. ऐकून म्हणाले, "ताई, हे अमरभाऊले माहीत हाय का?"

नाही. तुला माहीत नाही.

त्या रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी, शनिवारी, बेबीताईंचा मला फोन आला होता. "ताप हाय, उद्या येत नाही." कार्यक्रम जाहीर झालेला. तुला त्या कधी नाही म्हणायच्या नाहीत, म्हणून मी म्हटलं, "अमरनं बोलावलंय." त्या जीपनं आल्या, गायल्या. रेकॉर्डिंगमधे म्हणतात, "आता जाऊ द्या मले, अंग लय तापून राह्यलं." आणि माझा आवाज, "एकच आणखी."

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. मातीच्या वेळी त्यांच्या नवऱ्यानं, प्रेमसिंगभाऊंनी, तुझी कॉलर धरली. "तापात काहून बोलावलं तिले?" तू म्हणालास, "मी नाही बोलावलं." कुणाला पटलं नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी गीतांचं पुस्तक उघडलं.

महिन्याभरात तू गाव सोडलंस. मी अडवलं नाही.

बुधवारी प्रेमसिंगभाऊंच्या घरी गेले. सगळं सांगितलं, रेकॉर्डिंग ऐकवलं. ते म्हणाले, "गाणं राहू द्या. बोलते तेवढं पुन्हा लावा." पाच-सहा वेळा लावलं. "गाणं सगळ्याइले देलं, ताई. तिचं बोलणं मात्र दाबून ठेवलं. सहा वर्षं मी तिचं बोलणं आठवून पाहून राह्यलो, येतच नव्हतं."

मला रडूही आलं नाही.

काल उपासनेनंतर उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. बोलावलं मी, नाव अमरचं घेतलं. बेंचवरची माझ्या शेजारची जागा नंतर रिकामी होती. प्रेमसिंगभाऊ दारापाशी थांबले होते. म्हणाले, "पोराचा पत्ता द्या. मले त्याची माफी मागाची हाय." मी दिला. ते येतील. त्यांना आत घे.

माझ्यासाठी काही मागत नाही. तुझ्यावरचा आळ काल तुझ्या गावात उतरला, एवढंच कळवायचं होतं.

इतकी वर्षं तुझ्याकडे न पाहिलेली,
रत्नप्रभा