बाबांच्या पोटातला राग

सान इसिद्रो दे रूमी, १४ ऑगस्ट

नोएमी, माझ्या पोरी,

तुला, जावईबापूंना आणि न पाहिलेल्या नातवाला आशीर्वाद. इकडे आहोत तसे आहोत. यंदा जून-जुलैची थंडी कडक पडली, त्यामुळे अंगणात पसरलेले बटाटे रात्री गोठून छान वाळले. एक पोतं तुझ्यासाठी ठेवलंय. चुलीमागच्या गिनीपिगांना पिल्लं झाली.

तू त्या ट्रकवाल्याबरोबर लिमाला गेलीस आणि त्याच थंडीत बाबांच्या पोटात जळायला लागलं. गावाने निकाल देऊन टाकला, पोरीचा राग गिळला, तो आत सडला. आपल्याकडे पोटातल्या जखमेला दुसरं कारणच नसतं. बाबाही पोटावर हात ठेवून सांगायचे, "ही आमची नोएमी." तुला घराचं दार बंद झालं ते त्यामुळे.

मे महिन्यात त्यांना काळी शी व्हायला लागली, तेव्हा ओढतच खाली दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण, तोंडाने फटकळ. नळी घालून बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, अल्सर आहे. जंतूने होतो. या डोंगरात दहांतल्या सात-आठ जणांच्या पोटात तो असतो. त्यात तुम्ही गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाता."

"आणि राग?"

"रागाने भूक मरते, भोक पडत नाही. सगळे एकाच पेल्यातून ती मक्याची दारू, चिचा, पिता ना? तोंडातून तोंडात जातो हा. दोन आठवडे औषध घ्या, बरे व्हाल."

घरी आल्यावर औषध फळीवर पडून राहिलं. रोज पुढे करायची मी. एकदा ओरडलेच, "हे घेऊन बरा झालो तर? एका जंतूपायी पोरीला घराबाहेर ठेवलं म्हणून सांगू?"

"अहो, सांगा की. हसतील आणि विसरतील."

"लोकांचं सोड, साबिना. तिला कुठल्या तोंडाने बोलावू?"

गेल्या महिन्यात रक्ताची उलटी झाली. शेजारच्यांच्या ट्रकमधून नेत होतो. माझ्या मांडीवरच गेले गं. घाट उतरायचा होता अजून.

पाचव्या दिवशी नदीवर त्यांचे कपडे धुतले. रिवाजाप्रमाणे चिचाचा पेला फिरला. सगळं ठाऊक होतं, तरी माझ्या हातात आला तेव्हा मी प्यायले. परत कसा करणार?

हे तुला मी आधीच कळवायला हवं होतं. लिहायला हात धजत नव्हता. पण परवा बाजारात लिमाला तुला भेटून आलेला सिल्वेरिओमामा भेटला. म्हणाला, तुलाही उपाशीपोटी जळतं, आणि तू म्हणतेस की बाबांचा राग लागलाय.

नाही गं बाई. तुला दात नव्हते तेव्हा मका, बटाटा मी आधी चावायची, मऊ करून तुझ्या तोंडात घालायची. माझ्या आईने मला तसंच वाढवलं. डॉक्टरीणबाईने मलाही तपासलं. माझ्या पोटात तो जंतू आहे. तुला माझ्याकडूनच आला असणार.

तपासून घे. गोळ्या दिल्या तर सगळ्या संपव, फळीवर ठेवू नकोस. बाळाला चावून भरवू नकोस. आणि ये. दार उघडं आहे, आता अडवायला कुणी नाही.

तुला पहिला घास चावून भरवणारी,
तुझी आई साबिना