सहीनंतरचे शनिवार

१८ जानेवारी, शनि.

अकराऐवजी पावणेबाराला गार्गी आली. संदीप गाडीतून उतरला नाही. काच खाली करून एवढंच, ‘चारला तयार ठेव.’ पार्सलबद्दल बोलावं तसं.

गार्गी सांगत होती, आमच्यात दोन वासरं हाय. मी लगेच, ‘आहेत म्हण, राणी.’ झालं. पुढची दहा मिनिटं एक शब्द नाही. महिन्यातून दोन शनिवार मिळतात, पाच-पाच तास, आणि त्यात मी व्याकरण सुधारत बसते. मूर्ख बाई.

जाताना आईच्या गळ्यात पडली नाही. सरळ गाडीकडे पळाली. दादा म्हणाला, मुलं अशीच असतात.

२० जानेवारी, सोम.

दवाखान्यात माझ्याकडे एक्स-रेला एका बाईचं मनगट. तिची मुलगी हात सोडेना. नियमाप्रमाणे तिला बाहेर काढायला हवं होतं, काढलं, पण माझा आवाज फार चढला. नंतर बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

सारखं एकच डोक्यात. दीड वर्षापूर्वीचा तो सोमवार. संदीपने सांगितलं होतं, नोकरी सोड नाहीतर घर सोड. मी एक बॅग घेऊन लोणीहून बिबवेवाडीला दादाकडे आले. वाटलं, उद्या शाळेतूनच गार्गीला घेऊन येईन. दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर बाई म्हणाल्या, मॅडम, वडिलांनी लेखी दिलंय, तुमच्याकडे सोडता येणार नाही. आत वर्गात होती ती. मला तिचा आवाज येत होता.

तिला रात्रीच उचलून आणायला हवं होतं. झोपली होती म्हणून

१ फेब्रुवारी, शनि.

आणलं नाही. मेसेज : ‘ताप आहे.’ फोन केला, उचलला नाही. संध्याकाळी त्याच्या स्टेटसवर कुणाच्या तरी लग्नातला फोटो. गार्गी पहिल्या रांगेत, नवा फ्रॉक, हातात आइस्क्रीम.

दादाला दाखवला. म्हणाला, आता ताणू नकोस, मार्चमधली कोर्टाची तारीख झाली की सुटलीस. सुटले म्हणजे काय, ते विचारलं नाही.

३ फेब्रुवारी, सोम.

हाफ डे टाकून कोर्टात गेले. मोफत सल्ला देणाऱ्या वकील बाई मिळाल्या. माझ्याच वयाच्या असतील. सप्टेंबरमध्ये सही केलेल्या कन्सेंट टर्म्स, संमतीच्या घटस्फोटाच्या अटी, त्यांच्यापुढे ठेवल्या. वाचताना मान वर केली नाही. मग विचारलं, तुमचे वकील कोण होते? म्हटलं, दोघांचे एकच होते. संदीपने आणलेले.

‘छान,’ म्हणाल्या. ‘म्हणजे स्वयंपाकही त्यांचा, वाढपीही त्यांचा.’

कलम चार. मुलीचा कायमचा ताबा वडिलांकडे. पहिला आणि तिसरा शनिवार आईला भेट. मी हे वाचलं होतं. वाचूनच सही केली. तेव्हा वर्षभराहून जास्त मुलीचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि ते वकील म्हणाले होते, सही केलीत तर या शनिवारीच भेट. मी शनिवार पाहिला. कायमचा हा शब्द पाहिला नाही.

बाई म्हणाल्या, अजून वेळ आहे. मार्चच्या सुनावणीत न्यायाधीश विचारतील, तेव्हा संमती मागे घेता येते. पण मग घटस्फोट अडकेल, दावा लढवावा लागेल, वर्षं जातील. आणि अटीच उरल्या नाहीत तर शनिवारही उरणार नाहीत. नवा अर्ज करून ते परत मिळवावे लागतील.

‘किती दिवस लागतील?’

‘खोटं सांगू का खरं?’

मी कागद पिशवीत घातले.

१५ फेब्रुवारी, शनि.

आली! साडेअकराला. दुपारभर माझ्या मांडीवर डोकं ठेवून टीव्ही पाहिला. केसांत उवा. एक-एक काढत बसले, इतकं बरं वाटत होतं की

मग मध्येच, टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, बाबा म्हणतो तू दवाखान्यात राहतेस, तिथं मुलांना आणत नाहीत. म्हटलं, मी इथे राहते, मामाच्या घरी. ही बघ माझी गादी. ती उठून गादीवर जाऊन बसली. हाताने माप घेतल्यासारखं करून म्हणाली, ‘दोघी मावू.’

चार वाजता गाडीत बसवली. मीच बसवली. माझ्या हाताने.

२६ फेब्रुवारी, बुध.

दादाशी भांडण. त्याचं म्हणणं, तुझा पगार, तुझ्या शिफ्ट, तुला स्वतःचं घर नाही, कोर्ट मुलगी देईल का? आहे तेही घालवून बसशील. बोलता बोलता त्याचाच आवाज फुटला. त्यानेच मला सही करायला लावली होती, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

जेवले नाही. झोप नाही. संमती मागे घेतली तर दोन शनिवार जातात. नाही घेतली तर बाकीचे सगळे दिवस जातात. कुठूनही हिशेब मांडला तरी मुलगी माझ्याकडे येत नाही.

६ मार्च, गुरु.

कोर्ट. आमचं नाव पुकारलं. संदीप शेजारी उभा, इस्त्रीचा शर्ट, तोच परफ्यूम. हळूच म्हणाला, ‘पाच मिनिटांचं काम आहे, घाबरू नको.’ चांगल्या आवाजात. क्षणभर मला त्याचा आधार वाटला. ही माझी अवस्था.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, अटी वाचल्यात ना? स्वखुशीने मान्य आहेत?

मी म्हणाले, ‘नाही.’

पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणाले. मुलगी देऊन मला घटस्फोट नको. पुढे बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले. मोफत सल्ल्याच्या त्याच वकील बाईंनी संमती मागे घेतल्याचा अर्ज दिला. संदीपच्या वकिलांनी कागद आपटले. पुढची तारीख एप्रिलच्या शेवटी.

बाहेर जिन्यात संदीप गाठून म्हणाला, ‘आता बघ शनिवार कसा दिसतो तुला.’ आरडाओरडा नाही. तसंच, चांगल्या आवाजात.

१५ मार्च, शनि.

अकरा ते चार दादाच्या सोसायटीच्या गेटवर. वॉचमनने खुर्ची आणून दिली. वहिनीने दोनदा वर बोलावलं. दुसऱ्यांदा ताट घेऊन खालीच आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

आणलं नाही.

वकील बाईंचा निरोप : भेटीचा अर्ज टाकलाय, नोटीस निघेल. तोवर काहीही झालं तरी लोणीला जायचं नाही. घरात शिरली, तमाशा केला, म्हणून तक्रार करतील आणि तीच कोर्टात वाचून दाखवतील. मला शपथ घातल्यासारखं दोनदा वदवून घेतलं.

१८ मार्च, मंगळ.

दुपारी तीनला ड्युटीवर असताना सासूबाईंचा नंबर. उचलला, तर गार्गी. कुजबुजत. शाळेतून आली होती, संदीप बाहेर.

‘आई, तुला कोर्टात बाईंनी विचारलं?’

म्हटलं, हो.

‘तू नाही म्हणालीस?’

मी म्हटलं, हो राणी, पण. ती पुढे ऐकेना. ‘बाबा म्हणाला, बाईंनी विचारलं गार्गी पाहिजे का, तर आई नाही म्हणाली.’ रडत नव्हती. बातमी खरी का, एवढंच विचारत होती.

मी ओरडले बहुतेक. बाहेर बसलेले पेशंट वळून बघायला लागले. तेवढ्यात सासूबाईंनी फोन घेतला. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. आवाज थकलेला. ‘दोन दिस झाले, पोरगी नीट जेवंना. मी काय बी सांगितलं तरी ऐकत न्हाय. सहा वाजंपर्यंत संदीप न्हाय घरी. यायचं तर ये. न्हाय तर ऱ्हाऊ दे.’ आणि फोन ठेवला. परत लावला, स्विच ऑफ.

ही साधी माणुसकी, की त्यानेच बोलायला लावलंय? त्या घरात सहा वर्षं काढली, तरी मला सांगता येत नाही.

वकील बाईंना फोन लावला नाही. त्या काय म्हणतील ते मला माहीत आहे, आणि त्यांचंच बरोबर असणार. सिस्टरला सांगितलं, पोटात दुखतंय.

आत्ता बसमध्ये. हडपसरला गाडी बदलली. अक्षर हलतंय. सात वर्षांच्या मुलीला समजेल असं कसं सांगायचं, ते जुळवतेय. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. पावणेपाच झाले. शेवाळवाडी गेली, पुढे लोणी.