डॉक्टरांना विचारायचं राहिलेलं

१९ जुलै १९४८, सोमवार

आज पुन्हा डॉक्टर मुनीरुद्दीनांकडे. आबिड्सच्या पोस्टामागे त्यांचा दवाखाना. छातीतली गाठ माझी, पण डॉक्टरांनी विचारलं ह्यांना — "आता कशी आहे तब्येत?" ह्यांनी सांगितलं, "ठीक आहे. जेवण जरा कमी झालंय." माझं जेवण कमी झालेलं नाही. सकाळीच तीन भाकऱ्या खाल्ल्या.

शाळेत असं झालं असतं — प्रश्न एकीला, उत्तर शेजारणीचं — तर दोघींनाही उभं केलं असतं. इथे मीच गप्प बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

मग मला बाहेरच्या बाकावर बसवलं. पडद्याआड दहा मिनिटं बोलणं चाललं. डॉक्टर मूळचे लातूरकडचे, मराठी आपल्याइतकंच चांगलं बोलतात. पण काही झाकायचं असलं की उर्दूत शिरतात. उर्दू मलाही येते. आवाज हळू होता, म्हणून काही कळलं नाही.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "चरबीची गाठ आहे. लेप चालूच ठेवायचा. काळजीचं कारण नाही." रेडिओवर रोज संध्याकाळी रियासतीत सगळं आलबेल असल्याचं सांगतात, तोच सूर.

२४ जुलै

धाकटे दीर हिम्मतराव आले होते. हातात अर्धा डझन मोसंबी. हिंदुस्थानच्या नाकेबंदीमुळे रॉकेल मिळेना, मीठ मिळेना, आणि भावजींनी मोसंबी कुठून पैदा केली कोण जाणे. "वहिनी, शाळेतून लांब रजा घ्या. आराम करा." लग्नाला सतरा वर्षं झाली, एवढ्या काळात ह्या माणसाने मला आराम कर म्हटलेलं आठवत नाही. जाताना पाया पडले. दिवाळी नाही, दसरा नाही.

जो तो गोड बोलतोय. मला भीती वाटायला लागली आहे.

१ ऑगस्ट, रविवार

गंगू आज उशिरा आली. आमच्याकडे भांडी घासते, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलते. कपाळभर हळद. म्हणाली, "अम्मा, तुमच्यासाठी बोनम नेलं देवीला." नवं मडकं, त्यात भात, वर कडुनिंबाचा पाला आणि दिवा — ते डोक्यावर घेऊन ही हिमायतनगरहून अनवाणी गेली होती.

"माझ्यासाठी कशाला गं?"

"तुम्ही राहावं म्हणून."

बोलून गेली आणि तोंडावर हात ठेवला. मग पदराआडून — "साब म्हणाले होते, अम्माला चेप्पोद्दु." म्हणजे सांगायचं नाही.

तर डॉक्टरांना माहीत, ह्यांना माहीत, हिम्मतरावांना माहीत, गंगूला माहीत, आणि गंगूकडून देवीलाही कळवून झालं. शरीर ज्याचं आहे ते माणूस तेवढं राहिलं.

२ ऑगस्ट

चरबीच्या गाठीसाठी कुणी एवढं अनवाणी चालत नाही.

५ ऑगस्ट

मधल्या सुट्टीत मुलींच्या वह्या तपासायच्या सोडून प्रश्न लिहीत बसले. दुसऱ्याचे पेपर काढायची सवय आहे. स्वतःसाठी काढताना पेन अडखळतं.

ह्या आजाराचं नाव काय. खात्री आहे की अंदाज. काहीच केलं नाही तर काय होईल आणि किती दिवसांत. केलं तर काय काय कापणार. माझ्यासारख्या किती बायकांवर तुम्ही शस्त्रक्रिया केली, त्यातल्या किती जिवंत आहेत — दवाखान्यातून घरी गेल्या एवढं नको, पाच वर्षांनी किती? उजवा हात फळ्यापर्यंत पोचेल का?

आणखी एक लिहिला आणि खोडला. मग परत लिहिला — माझ्या घरच्यांना काय सांगितलंत, जे मला सांगितलं नाही?

९ ऑगस्ट, सोमवार

शाळेतून परस्पर गेले. एकटी. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, आजकाल एकटं फिरू नका." रस्त्यावर रियासतीसाठी लढायला निघालेल्या, खाकी कपड्यांतल्या पोरांची कवायत चालली होती, दुकानं अर्धी उघडी. मला त्या पोरांपेक्षा डॉक्टरांची भीती जास्त वाटत होती.

मला बघून डॉक्टरांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "रावसाहेब?"

"ते कचेरीत आहेत. गाठ माझ्याबरोबरच आली आहे."

कागद काढला. पहिला प्रश्न वाचताना आवाज फुटेना. सातवीच्या वर्गाला दटावणारा आवाज — पार गेला. डॉक्टरांनी लगेच उर्दूत सुरुवात केली, "देखिए, अल्लाह ने चाहा तो..."

मी म्हटलं, "मराठीत सांगा. तुमची मराठी चांगली आहे."

त्यांनी चष्मा काढला. मग उठून पडदा सारला, खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि सगळं सांगितलं. कर्करोग. खात्री गाठ काढून तपासल्यावरच होईल, पण हाताला लागते त्यावरून त्यांना फारशी शंका नाही. काखेतही एक बारीक गाठ आहे. काही केलं नाही तर वर्ष, दीड वर्ष. केलं तर सगळी छाती जाणार, खालचे स्नायूही. हात वर जायला सहा महिने, कदाचित पूर्ण जाणारच नाही.

"किती बायका जिवंत आहेत?"

"एकतीस शस्त्रक्रिया केल्या. पाच वर्षं उलटूनही जिवंत आहेत अशा अकरा मला माहीत आहेत. सात गेल्या. बाकीच्या कुठे आहेत ते माहीत नाही. परत येत नाहीत, त्यांना मी कुठल्याच बाजूला धरत नाही."

हे ऐकून मला बरं वाटलं. खरंच. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला शहाण्या माणसासारखं वागवलं.

शेवटचा प्रश्न विचारला. डॉक्टर टेबलावरचा टाक उगाच सरळ करत राहिले. मग म्हणाले, "जूनच्या पहिल्या आठवड्यातच रावसाहेबांना सांगितलं होतं. पंधरा दिवसांत शस्त्रक्रिया करा म्हटलं होतं. काखेत तेव्हा काही नव्हतं."

दोन महिने. दोन महिने मी हळदीचा लेप लावत होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"बाई, सव्वीस वर्षांत कुणी बाई विचारायला आली नाही."

"म्हणजे तुम्ही वाट बघत होतात?"



९ ऑगस्ट, संध्याकाळी

कागद ह्यांच्यापुढे ठेवला. उत्तरंही लिहून आणली होती. हे वाचत असताना मी पाण्याचा तांब्या भरून ठेवला, कारण ह्यांचा चेहरा बघवेना.

भांडण करायचं ठरवून आले होते. पण हे बसले ते खांबाला टेकून, जोडे न काढताच. म्हणाले, "तुला कापणार म्हणाले. ते ऐकल्यावर पुढचं काही ऐकूच आलं नाही."

"तुम्ही काहीच विचारलं नाहीत?"

"एक विचारलं. हिला सांगायलाच हवं का, असं. ते म्हणाले, तुमची मर्जी."

सरकारी दफ्तरात हे वीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारतात — तपशील अपुरा, फेरचौकशी व्हावी. चौकशीत ह्यांचा हात धरणारा नाही.

मग रडले. मी नाही, हे. मी पाणी दिलं.

१७ ऑगस्ट

क्लोरोफॉर्म आलेला नाही. नाकेबंदी. मी आहे, गाठ आहे, डॉक्टर तयार आहेत, आणि बाटली सरहद्दीपलीकडे अडकली आहे. हिंदुस्थान सरकारला माझ्याबद्दल कुणी बोललेलं दिसत नाही.

२६ ऑगस्ट, गुरुवार

बाटली मिळाली. कुठून, ते विचारायचं नाही असं डॉक्टर म्हणाले. एवढा एक प्रश्न सोडून दिला. आज दहा वाजता.

६ सप्टेंबर

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं. आहे मी.

१३ सप्टेंबर

फौजा सरहद्दीतून आत आल्या म्हणतात. शहर चिडीचूप. हे दारं लावून बसलेले. डॉक्टर मात्र अकराला सायकलवर हजर — पट्टी बदलायची तारीख होती ना. ह्यांनी त्यांना आत घेतलं आणि पुन्हा कडी लावली. "अशा दिवशी कशाला आलात?" तर म्हणाले, "जखमेला दिवस कळत नाहीत."

पट्टी बदलताना आपल्या मुलाबद्दल बोलले. इक्बाल. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर आहे. माझ्याच पेशातला.

१८ सप्टेंबर

संपलं. पाच दिवसांत. गल्लीत पेढे वाटले, हिम्मतराव तिरंगा घेऊन आले. मला खूप आनंद झाला. तो उजवा हात वर करून दाखवता येत नाही, एवढंच.

डॉक्टर आले नाहीत. त्यांच्या गल्लीतली दारं अजून बंद आहेत.

९ ऑक्टोबर

डॉक्टर खंगले आहेत. इक्बालचं पत्र नाही. जो भेटतो तो त्यांना सांगतो — टपाल बंद आहे, तारा तुटल्या आहेत, येईल पत्र. तिकडच्या खेड्यांतून काय काय झालं ते इथे कुणी धड बोलत नाही. बोलायला लागलं की कुणीतरी पेढ्यांची गोष्ट काढतं.

ह्यांची बदली नव्या साहेबाच्या हाताखाली झाली आहे. जिल्ह्यांतले कागद तिथेच येतात. डॉक्टरांनी ह्यांना इक्बालचं आणि गावाचं नाव लिहून दिलं.

२९ ऑक्टोबर

डॉक्टर हात तपासायला आले होते. भिंतीवर बोटं चढवत नेते, खिडकीच्या निम्म्यापर्यंत जातात. त्यांनी शाबासकी दिली. मग ह्यांना विचारलं, "रावसाहेब, काही कळलं?"

"चौकशी चालू आहे. काळजीचं कारण नाही."

मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. हात तसाच राहिला. हा सूर मी ओळखते.

३० ऑक्टोबर

डॉक्टर गेल्यावर विचारलं होतं, हे जेवायचं निमित्त करून उठले. आज पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. मेलेल्यांच्या यादीत इक्बालचं नाव आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच ह्यांच्या टेबलावर आली.

खूप बोलले मी ह्यांना. पुन्हा तेच केलंत म्हटलं. बाप आहे तो, त्याचा हक्क आहे म्हटलं.  शेवटी मी म्हटलं, मी सांगते. विचारू द्या त्यांना, मी सरळ सांगते.

५ नोव्हेंबर

डॉक्टर आले. हे मुद्दाम बाहेर गेले होते. हात बघितला. दुखतं का विचारलं. झोप लागते का, जेवण जातं का, शाळेत कधीपासून जाणार. माझ्या डोळ्यांत बघितलं आणि मग चष्मा पुसत राहिले, बराच वेळ. तो प्रश्न त्यांनी विचारला नाही.

मी वाट बघितली. मग मी विचारलं — चहा आणखी घ्याल का?