थांबायचा नियम

चँडलर, २४ फेब्रुवारी २०२५

चि. शोभना हीस अनेक आशीर्वाद व प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस, तेव्हा म्हाताऱ्याने शेवटी पोस्टाची तिकिटं मागवली. सिद्धेशला वाटतं बाबांचं काहीतरी बिनसलंय. अनिकाने पाकीट पाहून इंग्रजीत विचारलं की हे बर्थडे कार्ड आहे का. आत्याआजीला पत्र आहे म्हटलं, तर तिला ते फारच गमतीचं वाटलं. तिकीट तिनेच चिकटवलंय, त्यामुळे ते तिरकं आहे.

परवा रवींद्ररावांना जाऊन महिना होईल. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे मला विमानात बसायला बंदी होती, हे तुला ठाऊक आहे. तरी बहिणीच्या नवऱ्याला माती द्यायला मी नव्हतो हे मनातून जात नाही. लॅपटॉपवर पाहिलं सगळं, पण मला फुलं आणि तुमच्याकडे प्रार्थनेला येणाऱ्या प्रफुल्लच्या कोटाची पाठ एवढंच दिसलं. तू कुठे उभी होतीस तेही कळलं नाही.

प्रफुल्लचा फोन आला होता. तीन वर्षांपूर्वी तुमच्या पुढच्या खोलीत तुम्ही दोघं आणि तो व रीमा, अशा चौघांनी दर रविवारी प्रार्थनेला बसायला सुरुवात केली. त्याची अकरा माणसं झाली होती, आणि उरलेली दहा त्या दिवसापासून एकत्र बसलेली नाहीत. मंडळी परत कधी भरवायची असं त्याने तुला विचारलं, तर तू त्याला घर बंद आहे म्हणालीस. बरा मुलगा आहे तो, रडवेला झाला होता बिचारा. शोभे, घर बंद आहे म्हणजे काय गं? मला एवढंच माहीत आहे की रवींद्रराव स्टेशनवर गाडीत बसलेले असताना गेले. पुढचं मागचं मला कोणी सांगत नाही. तू सांग. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल, तुझं अक्षर पाहिलं की मला बरं वाटेल.

सूनबाई हिमानीने सलाम सांगितला आहे. इथे वाळवंटात फेब्रुवारीतच पंखे लागलेत. जेवत जा.

तुझा,
भानुदासदादा


एडिसन, ५ मार्च २०२५

ती. दादास शोभनाचा सा. सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. तिकीट खरंच तिरकं आहे.

तू विचारलंस म्हणून लिहिते. आमच्याकडे रविवारी दीडला प्रार्थना आणि मग प्रीतिभोजन. प्रत्येकाने घरून काहीतरी करून आणायचं, आणि सगळे आल्याशिवाय कोणी उलटं ठेवलेलं ताट सुलटं करायचं नाही, असा ह्यांचा नियम. फोन सगळ्यांनी सायलेंट करून आतल्या खोलीतल्या वेताच्या टोपलीत ठेवायचे, हाही ह्यांचाच नियम. ह्यांचा स्वतःचा फोन तर इतर दिवशीसुद्धा टोपलीतच असायचा. अंजना न्यू ब्रन्सविकला एका आजारी बाईंना सांभाळते. ती सकाळचं काम उरकून एक अडतीसच्या गाडीने एडिसनला उतरते, म्हणून तिला आणायला हे स्टेशनवर जात. घरापासून सहा मिनिटं लागतात. त्या दिवशी हे सव्वाला निघाले, नेहमी लवकरच निघत.

पावणेदोन झाले, दोन झाले. गाडी लेट असेल म्हणून आम्ही बसलो. रीमाने एक गीत सुरू केलं, मग दुसरं. मटणाचा रस्सा गार होऊ नये म्हणून मी पातेल्यावर टॉवेल टाकला. अडीचला प्रफुल्ल म्हणाला की जाऊन बघतो. मी त्याला बसवलं. मी म्हणाले की ह्यांना आवडत नाही, ते म्हणतात की थांबा म्हणजे थांबा. प्रफुल्ल बसला. तीन वाजून दहा मिनिटांनी पोलीस दारात आला. मग मी टोपलीतून फोन काढला. त्यावर अंजनाचे नऊ मिस्ड कॉल होते.

एक तास चाळीस मिनिटं आम्ही सहा मिनिटांवर बसून गाणी म्हणत होतो. डॉक्टरना मी विचारलं की लवकर कळलं असतं तर. ते म्हणाले, सांगता येत नाही. त्यानंतर मी कुणाला काही विचारलं नाही.

तुला वाटत असेल मी रडत बसते. मी रडत नाही, दादा. मला काही वाटतच नाही. सकाळी उठते, चहा करते, तो पिते की नाही ते आठवत नाही. ह्यांचं ताट टेबलावर जसं उलटं होतं तसंच आहे, मी त्याच्या बाजूने पुसून घेते. फोन वाजला की मी दुसऱ्या खोलीत जाते. अंजना त्या दिवसापासून आलेली नाही, मीही तिला बोलावलं नाही.

आणि एक लिहायचं होतं. तो थांबायचा नियम ह्यांनी तुझ्याकडून घेतला होता.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो मागायचं आता त्राण नाही.

शोभना


चँडलर, १३ मार्च २०२५

चि. शोभना हीस अनेक आशीर्वाद व सलाम. वि. वि.

हो, तो नियम माझा. तुम्ही इथे आला होतात, हिमानीने पुरणपोळ्या केल्या होत्या, आणि मी, चाळीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस, जेवायच्या आधी तास घ्यायला लागलो. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या कशा होत्या ते सांगत होतो. देऊळ नाही, घंटा नाही, कुणाच्या तरी घरची पुढची खोली. करिंथमध्ये काय व्हायचं, तर सुखवस्तू लोक लवकर येऊन खाऊनपिऊन मोकळे होत, आणि दिवसभर राबून उशिरा येणाऱ्यांना रिकामी पातेली दिसत. प्रेषित पौलाला हे कळलं तेव्हा तो चिडला आणि एकमेकांसाठी थांबत जा असं त्याने त्यांना कळवलं. परतल्यावर रवींद्ररावांनी मला फोन केला की आमच्यात अंजना उशिरा येते आणि आम्ही तिच्यासाठी डब्यात काढून ठेवतो, ते चूक आहे. मला इतका आनंद झाला होता, शोभे. माझं कुणीतरी ऐकलं म्हणून.

तुझं पत्र आल्यापासून मी ते रोज काढून वाचतो आणि परत घडी घालतो. तुझी समजूत काढायला मी चार पानं लिहिली होती. थेस्सलनीकाचे लोक प्रभू आज येईल, उद्या येईल म्हणून वाट पाहत राहिले, आणि वाट पाहता पाहता त्यांच्यातली माणसं मरू लागली, तेव्हा मागे राहिलेल्यांना काय वाटलं असेल, असं बरंच काही. मग वाटलं, मी पुन्हा तास घेतोय. ती पानं मी फाडली. एवढंच लिहितो की त्या लोकांनाही ठाऊक नव्हतं की कुठवर थांबायचं आणि कधी उठायचं. ते चुकत होते, पत्र लिहून विचारत होते, उत्तर यायला महिने लागत. त्यांची पत्रं कुणी जपली नाहीत, उत्तरं तेवढी उरली.

ज्या घरांत ते जमत त्यांतली काही बायकांची होती. फिलिप्पैत लुदियाचं, ती जांभळ्या कापडाचा व्यापार करी. तिच्या घरातलं कुणी वारल्यावर पुढे काय झालं हे कुठेही लिहिलेलं नाही. मी शोधलं. ते तुलाच ठरवावं लागेल. मी प्रफुल्लला सांगितलंय की तुझ्यामागे लागू नकोस. पण तुझं घर कायमचं बंद झालं, तर रवींद्ररावांचं जे होतं ते सगळंच गेलं, असं मला वाटतं, आणि ते मी तुला न सांगता राहू शकत नाही.

एक आगाऊपणा केलाय. प्रफुल्लकडून पत्ता घेऊन अंजनाला दोन ओळी लिहिल्या, की काकू तुझ्यावर रागावलेली नाही, तुला जे सांगायचं असेल ते तिलाच लिही. रागावली असशील तर मला शिव्या दे.

अनिका आता रोज पोस्टाची पेटी उघडते. तिच्यासाठी तरी लिही.

तुझ्या रागासह तुझाच,
दादा


न्यू ब्रन्सविक, २२ मार्च २०२५

ती. शोभना काकूंना अंजनाचा सलाम.

दादासाहेबांचं पत्र आलं. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या बाई दुपारी झोपल्या आहेत, तेवढ्यात लिहिते.

काकू, मी पोलिसांना आणि तुम्हाला सांगितलं की मी उतरले, गाडीपाशी गेले, काकांना बघितलं आणि अँब्युलन्ससाठी ९११ला कॉल केला. ते पूर्ण खरं नाही. माझी ट्रेन टाइमवर होती. काकांची गाडी नेहमीच्या जागी, शेवटच्या दिव्याच्या खांबाजवळ होती. इंजिन चालू होतं. काकांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून त्यावर डोकं टेकलं होतं. ते नेहमी तसंच करायचे, घरी जायच्या आधी सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करायचे. मी आले की डोळे न उघडता एक बोट वर करायचे, म्हणजे थांब. मग मी बाहेर उभी राहायचे.

त्या दिवशी बोट वर झालं नाही. मला वाटलं मोठी प्रार्थना आहे. मी काच वाजवली नाही. फार थंडी होती, मी खिशात हात घालून गाडीला पाठ करून उभी राहिले, त्यांच्याकडे बघत राहणं बरं दिसत नाही म्हणून. पंचवीस मिनिटं उभी होते. नंतर स्टेशनच्या घड्याळात बघून मला कळलं.

मग काच वाजवली, मग तो ९११चा कॉल. मग तुम्हाला फोन लावत राहिले. मला टोपली आठवली, तरी लावत राहिले.

मी तुमच्याकडे येत नाही त्याचं कारण हे आहे. कामाचं म्हणून मेसेज केला तो खोटा होता. रविवारी मी एक अडतीसच्या गाडीने एडिसनला येते. त्या खांबापाशी उभी राहते आणि पुढच्या गाडीने परत जाते. का जाते ते मला सांगता येत नाही. रडू येत नाही, नुसती उभी राहते. आमच्या बाईंना वाटतं मी चर्चला जाते.

तुम्ही मला माफ करा असं मी म्हणत नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. तब्येतीला जपा.

तुमची,
अंजना


एडिसन, ३१ मार्च २०२५

ती. दादास शोभनाचा सा. सलाम. वि. वि.

तुझ्या आगाऊपणाचा हिशेब नंतर करू. आधी काल काय झालं ते लिहिते, कारण आज पहिल्यांदा मला कुणाला तरी काही सांगावंसं वाटतंय.

अंजनाचं पत्र मंगळवारी आलं. मी ते टेबलावर, ह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. आधी मला तिचा राग आला. पंचवीस मिनिटं, असं मी मोठ्याने म्हणाले, घरात कोणी नव्हतं. मग मला माझी एक तास चाळीस मिनिटं आठवली. ती थंडीत उभी होती, आणि मी उबेत बसून प्रफुल्लला हात धरून खाली बसवलं होतं. राग ठेवायला जागाच राहिली नाही. पण बरंही वाटलं नाही. काहीच वाटलं नाही, जसं रोज वाटत नाही तसंच.

शनिवारी मी प्रफुल्लला मेसेज केला की उद्या दीडला या, जेवण आणा. एवढंच. त्याने पाच मिनिटांत रीमाकडून अंगठा पाठवला, स्वतः घाबरला असणार.

काल मी ह्यांची गाडी काढली. तुला माहीत आहे, हे असताना मी कधी ड्राइव्ह करत नव्हते, लायसन्स नुसतं पर्समध्ये. हळूहळू गेले, मागच्याने हॉर्न दिला. मला अकरा मिनिटं लागली. शेवटच्या खांबाजवळची जागा रिकामी होती, तिथे लावली. एक तेवीस झाले होते. मी इंजिन चालूच ठेवलं. सीट मी पुढे सरकवलेली नव्हती, त्यामुळे पाय नीट पोचत नव्हते, सगळा वेळ मी ताणून बसले होते. हात दुखायला लागले. मी ते स्टिअरिंगवर ठेवले आणि त्यावर डोकं टेकलं. प्रार्थना केली नाही. नुसतं टेकलं. ह्यांना इथून शेवटचं काय दिसलं असेल ते बघायचं होतं. काळं रबर दिसतं, दादा, आणि किलोमीटर नव्हे, मैलांचा आकडा.

गाडी आलेली मला ऐकू आली नाही. एकदम काचेवर हात बसले. दोन्ही हातांनी, जोरात, ती काच फोडते की काय असं वाटलं. डोकं वर केलं तर अंजना. ती वाजवतच राहिली. मी तिच्याकडे बघत होते, माझे डोळे उघडे होते, तरी ती थांबेना. मी दार उघडलं तेव्हा तिचे हात हवेत तसेच होते. मी ते धरले. फार गार होते. ती गाडीत बसली, मग तिनेच खाली वाकून माझी सीट पुढे सरकवून दिली.

परतताना मी वळण चुकले आणि भलत्याच रस्त्याला लागलो. घरी पोचायला दोन वाजून गेले. आमच्या गल्लीत वळते तर समोरून प्रफुल्लची गाडी, शेजारी रीमा, तिच्या मांडीवर तिचं झाकलेलं पातेलं. तेही ठेवायला थांबली नव्हती. बाकीचे सगळे कोट न घालता ड्राइव्हवेमध्ये उभे होते आणि प्रत्येकाच्या कानाला फोन होता. माझा फोन पर्समध्ये वाजत होता. मी तो उचलला. दोन गाड्या काचेला काच लावून उभ्या आणि प्रफुल्ल फोनवरून मला विचारतोय की काकू, कुठे आहात.

ताटं मी मांडली. अकराचं आता दहा झालं आहे. ह्यांचं ताट मी धुतलं, धूळ बसली होती, आणि त्यात मी जेवले. रस्सा रीमाचा होता, मीठ जास्त पडलं होतं. ते मला कळलं. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा मला मीठ कळलं, मग मी ताटावर वाकून रडले, आणि कोणी जेवायचं थांबलं नाही. अंजना मला वाढत राहिली.

नियम ठेवला आहे, पण दहा मिनिटांचा. मग दोघांनी शोधायला निघायचं. तुझ्या पौलाला हरकत असेल तर त्याने मला लिहावं.

अनिकाला सांग की तिची तिकिटं मी जपून ठेवली आहेत. आणि तू फोन करत जा, रविवारी दीडलासुद्धा. टोपलीत मी कांदे भरले आहेत.

तुझी,
शोभना